आत माणूस काम करत आहे

४ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. आमच्या गणवेशाचा कोट इतका कडक आहे की वाकता येत नाही, तरी वाकले असं समज.

फोन केला असता, पण मागच्या वेळी तू पलीकडून नुसतं "कोण? कोण?" करत राहिलास आणि शेवटी "नको, आम्हाला विमा नको" म्हणून ठेवून दिलास. चौतीस वर्षं टर्बाइनच्या कुशीत काढलेल्या माणसाशी पत्रानंच बोलावं, हे आईचं म्हणणं मला पटलं.

तर तुझ्या जुन्या वीजघरात मला नोकरी लागून आज चार महिने झाले. संग्रहालय अर्धं नव्या काचेच्या इमारतीत आहे आणि अर्धं तुमच्या वीजघरात. मी तुमच्या अर्ध्यात असते. लोकांना वाट दाखवायची, विचारतील ते सांगायचं आणि कोणी कलाकृतीला हात लावला तर गोड आवाजात ओरडायचं. सहा महिने माझी परीक्षा. मार्चअखेर संचालकबाई ठरवणार, कायम करायचं की घरी पाठवायचं. घरी पाठवलं तर आईनं शिवणाच्या दुकानात माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलंय. ही माझी तिसरी नोकरी आहे, मामा, आणि पहिलीच अशी आहे की सकाळी उठून जावंसं वाटतं. ती गेली तर मी जन्मभर काजं करत बसेन.

इथे काय काय आहे म्हणून सांगू. तुमच्या मोठ्या हॉलमध्ये एकानं छतापासून तीनशे खुर्च्या उलट्या टांगल्यात. लोक अर्धा तास मान वर करून बघतात, मान दुखली की बसायला खुर्ची शोधतात, आणि खाली एकही नाही. बाजूच्या खोलीत पडद्यावर एक बाई चाळीस मिनिटं चादरीची घडी घालते आणि घडी काही जमत नाही. परवा एक आजी उठून पडद्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, आधी टोकं जुळव."

माझी पंचाईत यंत्रांची होते. लोक विचारतात, हे काय होतं? जिना उतरल्यावर डावीकडे ते मोठं पिंप आहे ना, त्याला मी बॉयलर म्हणते. ते ऐकून कालच एक गृहस्थ गालात हसले. तू एकदा ये ना. दोन तास माझ्याबरोबर फिर, मला पढव. इतक्या वर्षांत एकदाही आला नाहीस. तिकीट माझ्याकडे.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

भोंगाबाई,

अनेक आशीर्वाद. तू जन्मलीस तेव्हा अशी रडायचीस की आमचा शिफ्टचा भोंगा त्यापुढे फिका पडायचा, म्हणून मी हे नाव ठेवलं. आता तू गणवेशात आलीस तरी ते बदलणार नाही.

ते गृहस्थ हसले ते बरोबरच हसले. ते पिंप म्हणजे कंडेन्सर. बॉयलर पाच मजली होता. तो तोडून भंगारात गेला आणि त्याच जागेवर तुमची काचेची इमारत उभी आहे. कंडेन्सर म्हणजे खोलीएवढं लोखंडी पिंप आणि त्यात हजारो पितळी नळ्या. नळ्यांतून गार पाणी जातं, बाहेरून वाफ येते, वाफेचं पुन्हा पाणी होतं. एवढं पाठ कर. पुन्हा बॉयलर म्हणालीस तर कान धरीन.

येण्याचं म्हणशील तर नाही. गुडघा साथ देत नाही. शिवाय जी जागा आवाजानं हादरताना पाहिली, तिथे उलट्या खुर्च्या बघायला कशाला जायचं? तिथे आता माझं कोणी नाही. तू मन लावून काम कर आणि कायम हो. ताईला म्हणावं, स्टूल भाड्यानं दे.

मामी विचारते, चादरीची घडी शेवटी होते का?

मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

घडी होत नाही. चाळीस मिनिटांनी ती बाई चादर तशीच सोडून निघून जाते आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मामीला सांग, बघणाऱ्या बायका फार चिडतात.

कंडेन्सर पाठ केला. आता लोक माझ्याकडे आदरानं बघतात. आणि तो पाठ झाला हे बरंच झालं, कारण माझी नेमणूक आता त्याच खोलीत झाली आहे. ही आमच्याकडची सगळ्यांत प्रसिद्ध खोली. एका कलाकारबाईंनी वीजघर साफ होत असताना ती शोधून काढली आणि काहीही न हलवता तशीच ठेवली. तळघर, अंधार, तो कंडेन्सर, त्याला पाणी देणारा मोठा व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हच्या चाकाला टांगलेली तळहाताएवढी लाल पत्र्याची पाटी. पाटीवर पांढऱ्या अक्षरात लिहिलंय, "आत माणूस काम करत आहे. उघडू नये." खाली तारीख आणि एक सही. बाईंनी त्या पाटीवर फक्त एक दिवा सोडलाय. खोलीचं नाव "अजून आत".

गंमत वाटेल तुला, पण लोक इथे गप्प होतात. हॉलमध्ये जी माणसं खुर्च्यांखाली फोटो काढून खिदळत असतात, तीच इथे येऊन पुतळ्यासारखी उभी राहतात. एकीनं मला हळूच विचारलं, "तो बाहेर आला ना हो?" आम्हाला शिकवून ठेवलंय, अशा वेळी काही सांगायचं नाही, उलट विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" मला हे जड जातं. मला सांगावंसं वाटतं की आला असेल हो, घरी जाऊन जेवलाही असेल.

सही कोणाची ते आजवर कोणाला लागलेलं नाही. गोगलगाय घाईत चालून गेल्यासारखी दिसते. तुमच्याकडे असं कोण सही करायचं?

मंगळवार सोडून रोज मी तिथे असते. मंगळवारी माझी सुट्टी.

तुझी भाची


१९ फेब्रुवारी

भोंगाबाई,

तीन गोष्टी नीट बघून कळव. व्हॉल्व्हवर पांढऱ्या रंगानं कोणता आकडा लिहिलाय? पाटीवर तारीख कोणती आहे? पाटी दोरीनं बांधली आहे की तारेनं, आणि तारेला पीळ किती?

सहज विचारतोय.

मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

सहज विचारतोस आणि गुडघा दुखत असूनही पत्र जलद टपालानं पाठवतोस. असो. आकडा सात. तारीख मे महिन्याची एकोणतीस, चौदा वर्षांपूर्वीची. तांब्याची तार, दोन पीळ आणि टोक आत दुमडलेलं, कोणाला बोचू नये म्हणून. हे टोकाचं मी पहिल्यांदाच पाहिलं. ज्यानं कोणी लावली, तो माणूस काळजीवाहू असणार.

आता तुला एवढी उत्सुकता आहे तर येच. की मलाच सारखं इकडून तिकडे बघायला लावणार आहेस?

तुझी भाची


१२ मार्च

मामा,

तुझं उत्तर नाही. असू दे. इकडे माझ्यावर आभाळ कोसळलंय.

पाटी गेली. मंगळवारी भर दुपारी कोणीतरी तार सोडवून ती घेऊन गेलं. त्या दिवशी माझी सुट्टी असायची, पण बरोबरच्या मुलीची दाढ दुखत होती म्हणून मी तिची पाळी घेतली होती. दुपारी शाळेची सहल आली. एका छोटीचा घोळणा फुटला. तिला वर नेऊन, डोक्यावर पाणी थापून, शाळेच्या बाईंच्या ताब्यात देऊन मी परत आले तेवढ्यात दहा मिनिटं गेली. आले तर दिव्याखाली नुसतं चाक.

त्या खोलीत कॅमेरा नाही. जिन्यावरच्या कॅमेऱ्यात पाठमोरे दोन म्हातारे दिसतात. एकाच्या हातात बॅटरी आहे. जाताना दुसऱ्यानं पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवलाय. संचालकबाईंनी ते दहा वेळा बघितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "ती पाटी म्हणजेच ती खोली होती. जागा सोडायची नाही, हा इथला एकच नियम आहे." एकतीस तारखेला माझा निकाल आहे. तोपर्यंत पाटी मिळाली नाही तर निकाल काय लागणार, ते मला माहीत आहे.

आईला सांगितलं. ती स्टुलासाठी नवी उशी शिवतेय.

कोणाला हवी असेल रे ती पत्र्याची पाटी? म्हाताऱ्यांनी नेऊन केलं तरी काय तिचं?

तुझी भाची


१५ मार्च

भोंगाबाई,

तुझं पत्र पोचलं. वाईट वाटलं. हवा चांगली आहे. गुडघा बरा आहे. मामीनं चादरीवरून मला दोनदा ऐकवलं. संग्रहालयात चोऱ्या होतात असं पेपरात येतंच असतं, तू मनाला लावून घेऊ नकोस.

वरच्या ओळी लिहून झाल्यावर मामीनं वाचल्या आणि म्हणाली, लाज वाटते का? वाटते. कागद फाडणार होतो, पण राहू दे. मामा कसा आहे ते तुला कळलेलं बरं.

पाटी माझ्यापाशी आहे. ती गोगलगाय माझी सही आहे. दोन म्हाताऱ्यांपैकी बॅटरीवाला मी आणि दुसरा फिटर. तू तीन वर्षांची असताना तुझ्या तीनचाकीचं चाक ज्यानं बसवलं, तोच. त्या दिवशी तुझी सुट्टी आहे असं धरून आम्ही मुद्दाम मंगळवार निवडला. तुझ्यावर बालंट येईल हे स्वप्नातही नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगतो. आमच्यात नियम असा. कोणी यंत्राच्या आत काम करायला उतरला की शिफ्ट इनचार्जनं, म्हणजे मी, व्हॉल्व्हला पाटी लावायची आणि आत जाणाऱ्याला परमिटचा कागद द्यायचा. काम झालं की त्यानं बाहेर येऊन, "माणूस बाहेर, हत्यारं बाहेर" असं लिहून सही करायची. मग ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, अगदी मोठ्या साहेबानंही नाही. कारण पाटी असताना कोणी व्हॉल्व्ह उघडला तर आतला माणूस बुडून मरेल.

एकोणतीस मेला सात नंबरच्या व्हॉल्व्हला मी पाटी लावली होती आणि फिटर दोन नंबरच्या कंडेन्सरमध्ये गळक्या नळ्यांना बुचं मारत होता. दुपारी वरून साहेब मंडळी आली, हातात वीजघर बंद करायचा हुकूम घेऊनच. सकाळपर्यंत आम्हाला वाटत होतं, अजून दोन वर्षं जातील. भाषण झालं, साहेबांनी बटण दाबून एक नंबरचं टर्बाइन बंद केलं, मग सगळ्यांना फाटकाशी फोटोला उभं केलं. मी मधोमध होतो. माझ्या डोक्यात तेव्हा कसलाच विचार नव्हता. फोटो झाला, बस आली, मी बसमध्ये बसलो. चौतीस वर्षांत आत गेलेला एकही माणूस मी विसरलो नव्हतो. शेवटच्या दिवशी एक विसरलो.

घरी येऊन हात धुताना आठवलं. धावत परत गेलो. फाटक बंद, पहारेकरी म्हणाला, एक जण आत्ताच गेला, शिव्या देत. त्यांनी वीज तोडली होती. फिटरच्या हातातला दिवा गेला आणि तो अंधारात चाचपडत एकटा बाहेर आला. त्याच्या घरी जायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, मग कधीच नाही. तो माझा जिवलग होता, भोंगाबाई. म्हणून मी तिकडे फिरकत नव्हतो. गुडघ्याला काही झालेलं नाही.

तुझ्या पत्रात पाटी वाचली, तुझ्याकडून आकडा आणि तारीख मागवली आणि खात्री पटली. कागदोपत्री माझा माणूस चौदा वर्षं आतच. आणि हजारो लोक येऊन विचारतात, तो बाहेर आला का.

मंगळवारी सकाळी त्याच्या दारात गेलो. त्यानं दार उघडलं, मला बघितलं आणि आत निघून गेला. मला वाटलं, संपलं. तर तो परमिट घेऊन बाहेर आला. इतकी वर्षं जपून ठेवलेलं, सही न केलेलं. म्हणाला, "मी सही करीन तर पाटी लावणाऱ्यासमोर, नाहीतर नाही. चौदा वर्षं आत ठेवलंस, आज आठवण झाली होय?" मी विचारलं, त्या दिवशी हाका मारल्यास का? म्हणाला, "छे. हाका कसल्या. दिवा गेला तेव्हाच कळलं मला, वर कोणी उरलं नाही."

मग आम्ही तिकीट काढून आत गेलो, व्हॉल्व्हपाशी त्यानं सही केली आणि मी पाटी काढली. ती कलाकृती आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यात सुद्धा आलं नाही. मी माझं राहिलेलं काम पुरं केलं, एवढंच. तुला न सांगता केलं, हा माझा गुन्हा.

येत्या शुक्रवारी येऊन बाईंना सगळं सांगतो.

मामा


१८ मार्च

मामा,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग इतकी चिडले की कोट काढून भिंतीवर फेकला. तो कडक असल्यामुळे तसाच उभा राहिला.

शुक्रवारपर्यंत मला धीर नव्हता. पत्र घेऊन सरळ बाईंकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पाटी होती तशी परत लागू दे. बाकी काही झालंच नाही असं समजू." मामा, एवढंच करायचंय. शुक्रवारी येताना पाटी आण, दोन पीळ दे, टोक आत दुमड. माझी नोकरी वाचली.

आणि फिटरकाकांना माझा नमस्कार सांग. तीनचाकीचं चाक अजून फिरतं.

तुझी भाची


२१ मार्च

भोंगाबाई,

काल बाईंच्या खोलीतून बाहेर पडताना तू माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. तुझं बरोबर आहे. पण मी का नाही म्हणालो ते तुला लिहून सांगायलाच हवं, कारण तिथे बाई आणि तू, दोघीजणी एकदम बोलत होतात आणि मला अर्धं ऐकू आलं नाही.

आत माणूस नसताना पाटी लावायची नाही. एवढंच आहे. आमच्या कामात ह्याहून मोठा गुन्हा नाही. एकदा पाटी खोटी निघाली की पुढच्या पाटीवर कोण भरवसा ठेवणार? मग एक दिवस कोणी म्हणेल, असेल अशीच टांगलेली, आणि व्हॉल्व्ह फिरवेल. तू म्हणशील, तिथे आता पाणीच येत नाही. मला ठाऊक आहे. तरी माझा हात होणार नाही. चौदा वर्षं माझ्यामुळे ती खोटं बोलली. आता मी जाणूनबुजून तिला बोलायला लावू?

बाई म्हणाल्या, दुसरी रंगवून लावतो. मी म्हटलं, तुमचं घर आहे, लावा, पण माझी सही त्यावर नको. तेव्हा त्याच म्हणाल्या की मग त्यात काही अर्थ नाही. त्या बाईला कळतं, हे मला आवडलं, आणि त्यामुळेच तुझी नोकरी जाणार ह्याचं वाईट वाटलं. मामी माझ्याशी बोलत नाही. ताईचं पत्र आलंय, त्यात नमस्कार नाही.

मामा


२३ मार्च

मामा,

बरं.

भाची


२५ मार्च

भोंगाबाई,

फाडण्याआधी वाच.

काल फिटरकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पण काम कुठे झालंय?" त्या दिवशी साठ नळ्या गळत होत्या. दिवा गेला तेव्हा त्याची एकोणीस बुचं मारून झाली होती. एकेचाळीस राहिल्या. परमिट बंद झालं, काम नाही. नवं परमिट काढलं तर तो आत उतरायला तयार आहे. वय पासष्ट आहे, पण पोट नाही, कंडेन्सरच्या खिडकीतून सहज आत जातो. बुचं त्याच्या घरी डबाभर आहेत.

आता नीट ऐक. आत माणूस खरोखर काम करत असेल, तर मी पाटी आनंदानं लावीन. तो बाहेर आला की काढीन. बाईंना विचार. कलाकारबाईंनाही विचार. त्यांना चालणार असेल तर एक तारखेला, बुधवारी, सकाळी दहाला आम्ही दोघं दारात हजर. निकाल एक दिवस पुढे ढकला म्हणावं, मी हात जोडतो.

हे त्या कंडेन्सरला कशाला हवंय, असं कोणी विचारलं तर सांग, तीनशे उलट्या खुर्च्या तरी कोणाला हव्यात?

मामा


२ एप्रिल

मामा,

काल तू दिवसभर माझ्यापासून चार हातांवर होतास, तरी तुला हे पत्र लिहावं लागतंय, कारण निम्म्याहून अधिक गोष्टी तुला ऐकूच आल्या नाहीत. क्रमानं सांगते.

आधी माझं. मी कायम झाले. तू जेव्हा परमिट भरत होतास आणि बाईंना "इथे सही, इथे नाही, इथे" करत होतास, तेव्हा कलाकारबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या इतक्या लांबून आल्या होत्या की मला वाटलं, भांडायला आल्यात. पाटी लावून झाल्यावर तू तारेचं टोक आत दुमडलंस ना, तेव्हा त्या संचालकबाईंच्या कानाशी म्हणाल्या, "मला फक्त पाटी सापडली होती. आता माणूस सापडला." बाईंनी तिथल्या तिथे मला सांगितलं की दर बुधवारी ह्या खोलीची जबाबदारी माझी, आणि ती कायम कर्मचाऱ्यालाच देता येते, तेव्हा तू आजपासून कायम. मी तुझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. तू समजलास की मी दिवा वर करायला सांगतेय आणि बॅटरी उंच धरलीस.

आता फिटरकाकांचं. ते आत गेले, हातोडीचे चार ठोके पडले आणि मग ते बोलायला लागले. लोखंडी पिंपातून आवाज असा घुमत होता की जिन्यापर्यंत लोक थांबले. ते तुझ्याशी बोलत होते, मामा. दोन तास. तू व्हॉल्व्हवर हात ठेवून अधूनमधून मान हलवत होतास, म्हणून मला वाटलं तुला ऐकू येतंय. संध्याकाळी मामीला फोन केला तर ती म्हणाली, तो तशी मान चाळीस वर्षं हलवतोय, त्याचा ऐकण्याशी संबंध नाही. म्हणून मला आठवेल तेवढं लिहिते.

म्हणाले, "ए इनचार्ज, वीस नंबरचं बुच बसलं बघ." म्हणाले, मुलीचं लग्न झालं, जावई बरा आहे, पण पाना कसा धरायचा ते माहीत नाही. म्हणाले, बायको गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हा सगळे आले, तू आला नाहीस, मी दाराकडे बघत होतो. मग तुला दोन शिव्या दिल्या. त्या लिहीत नाही. शाळेची मुलं होती, त्यांनी वहीत उतरवून घेतल्या. मग म्हणाले, तुझा तो फोटो पेपरात आला होता, मधोमध उभा होतास, तोंड असं जसं काही कोणी मेलंय, तेव्हाच मला कळलं की तुला आठवलेलं नाही, आठवलं असतं तर तू फोटोत थांबलाच नसतास. म्हणून राग धरवेना आणि सोडवेना.

मग बराच वेळ नुसते ठोके. खोलीत वीसेक माणसं असतील, कोणी हललं नाही. आणि मग एकदम हळू आवाजात, मी अगदी पिंपाला कान लावला म्हणून ऐकू आलं, "हाका मारल्या नाहीत असं तुला सांगितलं, ते खोटं. घसा बसेपर्यंत मारल्या. तुझ्याच नावानं मारल्या. आज मारत नाही, कारण तू आहेस."

तू तेव्हाही मान हलवलीस.

मला वाटलं, हे तुला कोणीतरी सांगायला हवं.

तुझी भाची


६ एप्रिल

भोंगाबाई,

पत्र वाचलं. मामीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं, मग पुन्हा मी स्वतः वाचलं. मग फिटरकडे गेलो. त्यानं विचारलं, "परवा आतून बोलत होतो, ते ऐकू आलं का रे?" मी म्हटलं, सगळं. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझी भाची गुणाची आहे." मग आम्ही दोघं जरा वेळ रस्त्याकडे बघत बसलो. मला रडू आलं, ते मी त्याच्यासमोरच रडलो.

कायम झालीस, फार आनंद झाला. ताईनं स्टूल काढून टाकलं आणि मला पत्रात पुन्हा नमस्कार घातला.

आता कामाचं. परवा फिटरनं एका दिवसात सहा बुचं मारली. ते फार झालं. आमचं असं ठरलंय की एका बुधवारी एकच. बाईंनी विचारलं तर सांग, जुनं पितळ आहे, घाई चालत नाही. पस्तीस नळ्या म्हणजे पस्तीस बुधवार. त्या संपल्या की पुढे काय, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "पुढे काय म्हणजे? पहिली एकोणीस चौदा वर्षांपूर्वीची आहेत. ती तपासायला नकोत?"

मामा